अर्थ सांगू नका

५ ऑगस्ट

वन्सं,

अक्षर ओळखलंत का? नसेल तर सांगते, तुमच्या दादाची बायको. हो, तीच, अकरा वर्षांपूर्वी तुमच्या दारातून निघालेली आणि मागे वळून न बघितलेली. तब्येत विचारत नाही. विचारली तर तुम्ही सांगाल, मग मला माझी सांगावी लागेल, आणि माझ्याकडे कागद एकच आहे.

काम आहे म्हणून लिहितेय, त्यात आडपडदा कशाला? मला इंग्रजी वाचायला शिकायचंय. बोलायला नाही, फाडफाड तर मुळीच नाही. नुसतं वाचायला. तुम्ही पंचवीस वर्षं शाळेत हेच शिकवलंत. माझ्या ओळखीत दुसरं कुणी असतं तर तुम्हाला लिहिलं नसतं, हेही सांगून टाकते.

अक्षरं मला येतात, मोठी आणि छोटी दोन्ही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकवीस वर्षं झाली, चादरींवर वॉर्डांची नावं छापलेली असतात, ती बघून बघून आली. जोडून शब्दही वाचते, अडखळत. पण ओळ वाचून संपली की हातात काही राहत नाही. मूठ उघडावी तर रिकामी.

दोन अटी आहेत. एक, कशासाठी शिकायचंय ते विचारायचं नाही. दोन, वेळ आठ आठवड्यांचा आहे, तेव्हा मांजर-कुत्रा-आंबा यात महिना घालवायचा नाही.

हसायचं असेल तर हसून घ्या. मग उत्तर लिहा.

तुमची वहिनी

११ ऑगस्ट

वहिनी,

अक्षर पाकिटावरच ओळखलं. तुमचा 'व' अजूनही मान मुरडून बसतो. पाकीट तासभर टेबलावर तसंच ठेवलं होतं. उघडायला भीती वाटली, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

हसले नाही. तुमची पहिली अट पाळते, पण अंदाज बांधायला बंदी नाही ना? तुमचा मुलगा परदेशात असतो, सून घरात इंग्रजीच बोलते असं कानावर आलंय. तिकडे निघालात वाटतं. चांगलं आहे. या वयात हौस करणारी माणसं मला आवडतात.

आता धडा. तुम्ही शब्द शब्द वाचता, म्हणून मूठ रिकामी राहते. पहिला नियम असा, की परिच्छेद आधी सरळ शेवटपर्यंत वाचायचा, अडलं तरी थांबायचं नाही. दुसऱ्यांदा वाचताना अडलेल्या शब्दाच्या आजूबाजूला बघायचं. शेजारी कोण बसलंय त्यावरून माणूस कळतो, तसा शब्द बराचसा कळतो. तिसऱ्यांदा डोळे मिटून आपल्या भाषेत स्वतःला सांगायचं, काय वाचलं ते. सांगता आलं नाही तर वाचलं नाही.

सोबत एक उतारा जोडलाय. माझाच आहे, एका मांजरीवर. (मांजर नको म्हणालात म्हणून मुद्दाम.) खाली तीन प्रश्न आहेत. उत्तरं मराठीत चालतील. रोज पाच नवे शब्द, जास्त नाही. पोट बिघडतं.

तुमची वन्सं

१७ ऑगस्ट

वन्सं,

सून माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली तर मी तिच्याशी धुण्याच्या भाषेत बोलेन, दोन दिवसांत सरळ होईल. मी कुठेही निघालेली नाही. अंदाज चुकला, गप्प बसा.

मांजरीचा उतारा चार वेळा वाचला. उत्तरं अशी. मांजर कुठे बसली आहे? भिंतीवर. तिला कोण हाका मारतंय? शेजारीण, हातात दुधाची वाटी घेऊन. मांजर खाली का येत नाही? तिची मर्जी. तुम्ही तिथे मोठं काहीतरी लिहिलंय, की तिला आधी एकदा दुधाच्या आमिषाने पोत्यात घातलं होतं वगैरे. पण मी म्हणते, येत नाही म्हणजे येत नाही. गुण कापायचे तर कापा.

शब्द पाठ करायची माझी रीत सांगते. आमच्याकडे चादरींवर खूण करायची काळी शाई असते. एकदा कापडावर पडली की कितीही उकळा, जात नाही. फाटक्या चादरींच्या पट्ट्या कापल्या, एकेका पट्टीवर एकेक शब्द लिहिला आणि स्वयंपाकघरात दोरीवर चिमट्यांनी लटकवला. भाजी चिरताना डोळ्यांसमोर असतात. आला की उतरवायचा. आज दोरीवर नऊ आहेत, टोपलीत अकरा. आमच्यातली घडीवाली, चादरींच्या घड्या घालणारी, परवा घरी आली, म्हणाली, हे काय, बारशाच्या पताका? म्हटलं, हो, माझंच बारसं आहे.

कामावर एक पद्धत आहे, ती आता अभ्यासातही लावलीय. धुऊन आलेल्या चादरीवर डाग राहिला तर आम्ही तिच्या कोपऱ्याला गाठ मारतो. गाठ म्हणजे परत, पुन्हा धुवा. कुणाला काही बोलावं लागत नाही. आलेला शब्द दोन दिवसांनी विसरला, की त्याच्या पट्टीला गाठ मारते आणि पुन्हा दोरीवर टांगते.

या आठवड्यात मला हे पाच शब्द हवेत. हियरबाय. अंडरसाइन्ड. कन्टिन्युअस. क्लेम. असाइन्ड. नुसते अर्थ द्या.

वहिनी

२४ ऑगस्ट

वहिनी,

मर्जीच्या उत्तराला मी शाळेत शून्य दिलं असतं. इथे अर्धा गुण देते, कारण हसू आलं.

पण हे शब्द कुठून काढलेत? आठवडाभर शिकणाऱ्या बाईच्या तोंडी 'हियरबाय'? हे म्हणजे दात यायच्या आधी ऊस. असो, अट म्हणजे अट. 'हियरबाय' म्हणजे 'या कागदाने'. 'अंडरसाइन्ड' म्हणजे खाली सही करणारा माणूस. 'कन्टिन्युअस' म्हणजे सलग, खंड न पडता. 'क्लेम' म्हणजे हक्क, दावा. 'असाइन्ड' म्हणजे नेमून दिलेलं.

एक सांगते, ते दोरीवर नको, डोक्यात लटकवा. सुटे शब्द पाठ असणं म्हणजे वाचणं नव्हे. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिला निम्मा शब्दकोश पाठ होता आणि उताऱ्यातला म्हातारा मेला की जगला हे सांगता यायचं नाही. कुठलाही कागद हातात आला की तीन प्रश्न विचारायचे. हे बोलतंय कोण? कुणाला बोलतंय? आणि ऐकलं नाही तर काय होईल? ही तीन उत्तरं मिळाली की दहा शब्द अडले तरी बिघडत नाही. मिळाली नाहीत, तर सगळे शब्द येऊनही तुम्ही कोऱ्याच.

पूर्ण वाक्य पाठवलंत तर मी एका मिनिटात अर्थ लिहून देईन. का उगाच हाल करून घेताय?

वन्सं

१ सप्टेंबर

वन्सं,

अर्थ सांगू नका. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहायला लावू नका.

अकरा वर्षांपूर्वी इस्पितळातल्या डॉक्टरांनी माझ्या हातात एक कागद दिला होता. इंग्रजीत. तुम्ही माझ्या शेजारी बाकावर बसला होतात. मी म्हटलं, वन्सं, काय लिहिलंय? तुम्ही वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली आणि म्हणालात, काही नाही, तपासण्यांचं आहे, दादा आठ दिवसांत घरी येतो, इथे सही करा. मी केली. तुम्ही म्हणालात म्हणून मी घरी गेले, त्यांची खोली झाडली, अंथरुणं उन्हात टाकली. आठव्या दिवशी ते आलेच घरी. कसे आले ते तुम्हाला माहीत आहे.

माझ्यावर दया करून खोटं सांगितलंत, हे ते तसे घरी आले त्याच दिवशी मला कळलं. पण ते आठ दिवस माझे होते. मी त्यांच्याजवळ बसले असते. झाडू मारत बसले नसते. तुमच्यावरचा राग त्याचा आहे, बाकी कशाचा नाही.

त्या दिवशी कानाला खडा लावला, की यापुढे दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचायचं नाही. साहेबाच्या नाही, आणि मायेच्या माणसाच्या तर नाहीच नाही. मला वाक्याचा अर्थ नकोय. वाक्य कसं फोडायचं ते शिकवा. शिकवणार नसाल तर तसं लिहा, मी दुसरं दार बघते.

आणखी चार शब्द. व्हॉलंटरिली. रिलिंक्विश. पोझिशन. एजन्सी.

वहिनी

८ सप्टेंबर

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. मला वाटलं होतं की मी तुमच्यावरचं ओझं माझ्या अंगावर घेतेय. खरं म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे बघून ते वाक्य उच्चारायची माझ्यात हिंमत नव्हती. दया वगैरे काही नाही, भित्रेपणा. चुकलं माझं. अकरा वर्षं उशिरा म्हणतेय, पण म्हणतेय.

शिकवते. अर्थ सांगणार नाही, शब्द देते.

'व्हॉलंटरिली' म्हणजे स्वखुशीने. 'रिलिंक्विश' म्हणजे सोडून देणं, हातचं जाऊ देणं. 'पोझिशन' म्हणजे जागा, पद. 'एजन्सी' म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारं कार्यालय.

लांब वाक्य आलं तर घाबरायचं नाही. स्वल्पविरामांपाशी पेन्सिलीने उभ्या रेघा मारा, तुकडे पडतील. मग त्यातलं क्रियापद शोधा, म्हणजे नेमकं काय केलं जातंय ते. मग विचारा, कोण करतंय. बाकीचे तुकडे त्या दोघांभोवती लटकलेले असतात.

आणि आता मी तुमची पहिली अट मोडते. वहिनी, हे शब्द मी एकत्र बघितलेले आहेत. पूर्वी एकदा, एकाच कागदावर. तुमच्या हातात कुणी काय ठेवलंय?

वन्सं

१४ सप्टेंबर

वन्सं,

माफी मागितलीत. ठेवून घेतली. तिचं काय करायचं ते नंतर बघू.

आता कागदाचं सांगते, लपवण्यात अर्थ नाही. जुलैच्या शेवटी साहेबांनी आम्हा बारा जणींना बोलावलं. म्हणाले, एक साधा कागद आहे, नवीन मशिनं येतायत त्याच्यासाठीची औपचारिकता, सगळ्यांनी सह्या करून टाका. कागद इंग्रजीत. घडीवालीने पेन उचललंसुद्धा होतं. मी म्हटलं, वाचल्याशिवाय सही नाही. साहेब म्हणाले, मी सांगतो ना काय आहे ते. म्हटलं, सांगू नका, वाचू द्या. तर खो खो हसले. म्हणाले, तुम्ही वाचणार? ठीक आहे, सप्टेंबर अखेरपर्यंत वेळ दिला. तीस तारखेला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. नाही जमलं तर मुकाट्याने सही करायची आणि पुन्हा कधी तोंड वर करून बोलायचं नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, कबूल.

बाकीच्या अकरा जणी म्हणाल्या, ही सही करेल तेव्हा आम्ही करू. म्हणजे माझ्या एकटीचं असतं तर एक वेळ चाललं असतं, आता बारा जणींच्या पोटापाण्याचं ओझं माझ्या दोरीवर लटकतंय.

नक्कल द्यायला साहेब तयार नाहीत. कागद सूचनाफलकावर काचेआड लावलाय. जेवणाच्या सुट्टीत मी समोर उभी राहते आणि रोज एक ओळ बाहीच्या आतल्या बाजूला उतरवून घेते. मुकादम विचारतो, काय बघताय? म्हणते, काचेत केस नीट करतेय. या वयात कसले केस, म्हणून तोही हसतो. हसू देत सगळ्यांना.

आता सव्वा परिच्छेद उतरवायचा राहिलाय. तुम्ही कुठल्या कागदावर बघितले होते हे शब्द?

वहिनी

१९ सप्टेंबर

वहिनी,

सांगते. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

सगळ्यांना वाटतं की मी कंटाळून मुदतीआधी निवृत्त झाले. मीच तसं सांगितलं. खरं असं की तीन वर्षांपूर्वी शाळेच्या संस्थेच्या चिटणिसांनी मला कार्यालयात बोलावलं. चहा पुढे केला, कागद पुढे केला. म्हणाले, बाई, तुम्हाला काय वाचून दाखवायचं, तुम्हीच तर आम्हाला इंग्रजी शिकवलंत. माझा चष्मा वर्गात राहिला होता. आणायला जावं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं वाटलं. मी चहा प्यायले आणि सही केली. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून तोच कागद कार्यालयात एकदा बघितला, तुमचे हे सगळे शब्द त्यात होते, तेव्हा कळलं की मी स्वखुशीने घरी बसले आहे.

पंचवीस वर्षं मुलांना ओरडून सांगितलं, उतारा पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा. आणि माझ्या एकमेव उताऱ्याला मी न वाचताच पूर्ण गुण दिले. भांडायला गेले नाही. इंग्रजीच्या बाईंनी कागद वाचला नाही, हे चारचौघांत कबूल करायचं कसं? म्हणून मूग गिळून बसले.

तुम्ही नुसत्या अक्षरओळखीवर साहेबाला थांबवलंत. मला शिकवणी घ्यायला तुमच्याकडे यायला हवं होतं.

तुमच्या कागदाचा अर्थ मला ओळखू आलाय असं वाटतं. हात शिवशिवतायत, पण शब्द दिलाय. तीन प्रश्न विसरू नका. बोलतंय कोण, हा पहिला.

वन्सं

२३ सप्टेंबर

वन्सं!

जमलं! पूर्ण वाचला, शेवटच्या टिंबापर्यंत! स्वल्पविरामांपाशी रेघा मारल्या, क्रियापदं शोधली, डोळे मिटून स्वतःला सांगितलं. तुमच्या चिटणिसाचं वाचून वाईट वाटलं, त्याच्याकडे नंतर बघू. आधी ही बातमी ऐका.

आमचा साहेब जातोय!

कागद म्हणतो, मी, खाली सही करणारा, या कागदाने, स्वखुशीने, कुणाच्या दबावाशिवाय, माझी जागा सोडतो आणि आजवरच्या सलग सेवेवरचा सगळा हक्क सोडतो. पुढे एजन्सी नेमून देईल तिथे, नेमून देईल ते काम करीन. बोलतंय कोण, हा तुमचा पहिला प्रश्न. साहेब बोलतोय. फलकावरचा एकूण एक कागद साहेबच लिहितो आणि खाली त्याचीच सही असते, एकवीस वर्षं बघतेय. साहेबाची बदली होणार, अशी कुणकुण दोन महिन्यांपासून होतीच. आम्ही बारा जणींनी बहुतेक साक्षीदार म्हणून सह्या करायच्या. म्हणूनच नवीन मशिनांचं खोटं सांगत होता, लाज वाटत असेल.

मी बायकांना सांगितलं तेव्हा इस्त्रीच्या रोलरपाशी अशा नाचल्या की मुकादम धावत आला. घडीवाली म्हणतेय, तीस तारखेला साहेबाला निरोपाचा हार घालू आणि सगळ्यात पहिली सही मी करणार. म्हटलं, कर बाई, तुझा मान.

वन्सं, मी वाचलं! माझ्या डोळ्यांनी! आता पुढचा उतारा पाठवा, मांजरीपेक्षा मोठा.

वहिनी

२६ सप्टेंबर, तातडीच्या टपालाने

वहिनी,

प्रत्येक शब्द बरोबर आहे. प्रत्येक.

अर्थ सांगत नाही. एकच विचारते. कागदाच्या अगदी तळाशी, शेवटच्या टिंबाच्याही खाली, सहीची जागा आहे. ती कोणाची आहे? हे पत्र मिळताच काचेसमोर उभ्या राहून तेवढंच बघा. तीस तारखेच्या आत बघा. माझी शप्पथ आहे.

वन्सं

३ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं पत्र एकोणतीस तारखेला सकाळी मिळालं. कामाला निघता निघता, दारातच. वाचलं आणि आधी चिडलेच. म्हटलं, बाईंना माझं चांगलं झालेलं बघवत नाही, काढली खुसपटं. तरी गेले जेवणाच्या सुट्टीत फलकासमोर.

इतके दिवस मी शेवटच्या टिंबापाशी थांबत होते. त्याखाली बघायचं कारणच नव्हतं, खाली नेहमी साहेबाची सही आणि शिक्का असतो. या कागदावर शिक्का नव्हता. कोरी रेघ होती. आणि रेघेखाली बारीक अक्षरात एक शब्द. तो शब्द मला कुणी शिकवावा लागला नाही. माझ्या कपाटावर आहे, माझ्या ओळखपत्रावर आहे. एम्प्लॉयी.

तिथेच उभी राहून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी, खाली सही करणारी, माझ्या खुशीने, कुणाच्या दबावाशिवाय, माझी जागा सोडते. साहेब नाही हो बोलत, मीच बोलतेय! कागद लिहिला त्यांनी आणि बोलतोय माझ्या तोंडून. एकवीस वर्षांची नोकरी मी स्वतःच, हसत हसत, सोडून देतेय आणि एजन्सी जिथे फेकेल तिथे जाऊन पडणार आहे. आणि मी अकरा जणींना सांगून बसले होते की हार आणा.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट. वाचता येत नव्हतं तेव्हा निदान कुणाला खड्ड्यात घातलं नव्हतं. संध्याकाळी सुटल्यावर सगळ्यांना फाटकाबाहेर थांबवलं आणि सांगितलं, मी चुकीचं वाचलं. तुमच्यासारखे मूग नाही गिळले, वन्सं, राग मानू नका. एक जण म्हणाली, मग आता तरी बरोबर वाचलंयस कशावरून? प्रश्न रास्त होता. म्हटलं, उद्या साहेबासमोर वाचते. चुकलं असेल तर त्याचा चेहराच सांगेल.

तीस तारखेला साहेब खुर्ची टाकून बसले. बारा जणींसाठी बारा कागद टेबलावर. मला म्हणाले, हं, करा सुरुवात. मी वाचलं. इंग्रजीत, मोठ्याने. 'रिलिंक्विश'पाशी तीनदा अडखळले, तेव्हा ते मुकादमाकडे बघून हसले. मी थांबले नाही, अडलं तरी थांबायचं नाही म्हणाला होतात ना. तळापर्यंत गेले. सहीची रेघही वाचली, रेघेखालचा शब्दही वाचला. मग बायकांकडे तोंड केलं आणि आपल्या भाषेत सगळं सांगितलं, एकेक तुकडा. सांगून होईपर्यंत साहेबांचं हसू पार उतरलं होतं. बायका माझ्याकडे नाही, त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत होत्या. तिथे सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं.

म्हणाले, वाचलंत ना? करा सही. म्हटलं, साहेब, वाचल्याशिवाय सही नाही असं म्हटलं होतं. वाचल्यावर करीन असं कुठे म्हटलं होतं? नाही वाचता आलं तर मुकाट्याने करीन, हे कबूल केलं होतं. वाचता आलं.

त्यांनी पेन पुढे सरकवलं. मी ते नाही घेतलं. खिशातली खुणेच्या शाईची बाटली आणि काडी काढली आणि माझ्या कागदावर, त्या कोऱ्या रेघेवर, इंग्रजीत लिहिलं, आय हॅव रेड धिस. आय डू नॉट रिलिंक्विश. दोन्ही 'आय' मोठ्या काढल्या. ही शाई जात नाही, साहेब, म्हटलं, धुऊन बघा हवं तर.

घडीवाली पुढे आली. तिला इंग्रजी लिहिता येत नाही. तिने आपला कागद उचलला, त्याचा एक कोपरा पिळला, चांगला घट्ट पिळला, डागाच्या चादरीला मारतो तशी गाठच बसवली, आणि परत टेबलावर ठेवला. मग दुसरी. मग तिसरी. अकराच्या अकरा कागद गाठी मारून परत. साहेबांनी विचारलं, हा काय पोरखेळ आहे? मुकादमच हळूच म्हणाला, साहेब, परत धुवायला, असा अर्थ होतो.

नोकरी आहे. मला शिक्षा म्हणून मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकलंय, तिथे वास मारतो. मारू दे. वरून कुणीतरी चौकशीला येणार आहे म्हणतात. त्यांनी नवा कागद आणला तर आणू दे. घडीवालीच्या घरी आता दोरी बांधलीय, आणखी चौघींनी पट्ट्या मागून नेल्यात. रविवारी माझ्याकडे जमतो. मांजरीच्या उताऱ्यापासून सुरुवात केली. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, तिची मर्जी. मी पूर्ण गुण दिले.

आता शेवटचं. काल पेटीतून ती फाइल काढली. इस्पितळाची. अकरा वर्षं उघडली नव्हती. तो कागद वाचला. रेघा मारल्या, तुकडे पाडले. सकाळी बसले ते दुपार झाली. आजाराची नावं अडली, पण शेजारचे शब्द येत होते. तुमच्या दादाचे किती दिवस उरलेत ते त्यात सरळ लिहिलं होतं. आणि तळाशी काय आहे माहीत आहे? मी, खाली सही करणारी, लिहून देते की मला माझ्या भाषेत सगळं समजावून सांगितलं आहे आणि ते मला पूर्ण समजलं आहे. त्याखाली माझी सही. त्याही कागदात मीच बोलत होते, वन्सं.

रडले. पोटभर रडले. मग त्या सहीखाली खुणेच्या शाईने कालची तारीख घातली. समजलं ते काल.

राग गेलेला नाही. पण आता तो माझ्या डोळ्यांनी वाचून आलेला राग आहे, त्याच्याशी माझं जमेल. तुम्ही तिकडे घरात तोंड लपवून बसू नका. चष्मा लावा, संस्थेत जा आणि तुमच्या त्या कागदाची नक्कल मागा. देत नाहीत म्हणाले तर काचेसमोर उभ्या राहा, रोज एक ओळ उतरवा. मिळाली की मला पाठवा.

अर्थ सांगू नका. मी वाचते.

तुमची वहिनी